खंडेरावांचा पाय आणि धारचे लोणचे

खंडेराव माळोदे यांची आणि माझी ओळख माझ्या पूर्वजांच्या मलावरोधामुळे झाली. हे विधान असभ्य वाटण्याचा संभव आहे. परंतु ते अचूक आहे, आणि सभ्यता व अचूकपणा यांपैकी एकाचीच निवड करावयाची झाल्यास कोणती करावी, हे कोर्टात नाझर म्हणून नोकरी केलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही.

सन १९९५ मध्ये आम्हा ओझरकरांनी घराण्याचा कुलवृत्तांत काढण्याचे ठरविले. कोणत्याही घराण्यात निवृत्त पुरुषांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली, की हा विकार उद्भवतो. समिती स्थापन होते, वंशवृक्ष काढला जातो, आणि त्या वृक्षाच्या बुंध्याशी एखादा पराक्रमी पुरुष असावा अशी सर्वांची इच्छा असते. आमच्या समितीचे अध्यक्ष माझे चुलत बंधू विसूभाऊ हे होते. त्यांनी स्वतःचे नाव स्वतःच सुचविले होते आणि अनुमोदनासाठी माझ्याकडे पाहिले होते. बँकेत शाखाधिकारी म्हणून ते निवृत्त झाले असल्यामुळे, मूळ कागद पाहण्यापूर्वी शेरा लिहिण्याची त्यांना सवय होती. कुलवृत्तांताची प्रस्तावना त्यांनी आधीच लिहून ठेवली होती आणि तिला 'तलवार आणि लेखणी' असे नाव दिले होते.

पुरावा म्हणून आमच्याकडे एक रुमाल होता. म्हणजे जुन्या पत्रांचे, कापडात बांधलेले एक गाठोडे. आमचे खापरपणजोबा आबाजीपंत नाशकात राहत. त्यांचे धाकटे बंधू कृष्णाजीपंत धार संस्थानात कारकून होते. कृष्णाजीपंतांनी धारहून नाशकास शके १७७३ पासून सुमारे तीस वर्षे लिहिलेली पत्रे त्या रुमालात होती. ती सर्व मोडीत होती. मोडी ही घाईने लिहिणाऱ्यांनी वाचणाऱ्यांवर लादलेली लिपी आहे. हात न उचलता लिहायचे, शब्द कोठेही तोडायचे नाहीत, आणि उलगडा पुढच्या पिढीवर सोपवायचा. संस्कृत घेऊन बी. ए. झालेल्या मला त्यातील वरची आडवी रेघ तेवढी निश्चितपणे ओळखता येत होती.

यासाठी खंडेरावांना बोलाविले. त्यांचे घराणे मखमलाबादचे, फुले पिकविणारे. भावाच्या मळ्यात गुलाब आणि झेंडू. पत्नी वत्सलाबाई यांचे पंचवटीत देवळांच्या वाटेवर हारांचे दुकान. खंडेराव मात्र मॅट्रिक होऊन सरकारी दप्तरखान्यात लागले, आणि जमिनीचे जुने कागद वाचता वाचता मोडीत तरबेज झाले. निवृत्तीनंतर नाशिक परिसरातील भाऊबंदकीचे अर्धे दावे त्यांच्या वाचनावर चालत, असे ते स्वतः सांगत. उरलेले अर्धे त्यांच्या वाचनामुळे उद्भवले, असे मी कोर्टात ऐकले होते. अंगाने भरलेले, कपाळाला अष्टगंध, पांढरा सदरा, आणि विनयाचा संपूर्ण अभाव. पहिल्या दिवशी आमच्या गंगापूर रोडवरील घराच्या व्हरांड्यात ते आले, रुमालाची गाठ सोडली, वरचे पत्र नाकाशी नेले आणि म्हणाले, "शाई घरची दिसते. माणूस कवडीचुंबक हे."

विसूभाऊंनी मुद्दाम शके १७७९ ची पत्रे प्रथम घ्यायला लावली. ते सत्तावन्न साल. त्या वर्षी धारच्या किल्ल्याला वेढा पडला होता, हे त्यांनी ग्रंथालयात जाऊन पाहून ठेवले होते. आणि किल्ल्यावर आपला पूर्वज काहीतरी करीत असणार, याविषयी त्यांना शंका नव्हती.

खंडेरावांनी चष्मा लावला, करंगळीचे वाढविलेले नख ओळीवर टेकवले आणि खड्या आवाजात वाचायला प्रारंभ केला.

"तीर्थस्वरूप राजश्री दादा वडिलांचे सेवेसी. अपत्ये कृष्णाजीचे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील क्षेम तागायत कार्तिक शुद्ध पंचमी पावेतो वडिलांचे आशीर्वादेकरून असे. किल्ल्यावर तोफा वाजतात."

"लिहून घे," विसूभाऊ मला म्हणाले. मी लिहून घेतच होतो.

"तेणेकरून रात्रौ निद्रा नाही," खंडेराव पुढे वाचू लागले. "निद्रा नाही म्हणोन पचन नाही. पचन नाही म्हणोन तीन रोज कोठा साफ नाही. सोनामुखी पाठवावयाची ती रस्ते बंद सबब पावली नाही. तरी कोणी विश्वासू माणूस किल्ल्याचे बाजूने न येता दुसरे वाटेने येत असेल, त्याजबरोबर पाठवावी."

विसूभाऊंनी विचारले, "तोफा कोणाच्या, ते लिहिलं आहे का?"

"त्याबद्दल काय नाय. पुढं शौचाचा रंग लिहिलाय. वाचू?"

"काही गूढ अर्थ असेल. सोनामुखी म्हणजे दारूगोळा वगैरे?"

"असंल," खंडेराव म्हणाले. "पन ती रात्री कोमट पाण्यातून घ्यायची असं पुढं लिहिलंय."

यानंतर विसूभाऊंचे येणे कमी झाले, आणि खंडेरावांचे रोजचे झाले. सकाळी चहा-पोहे झाल्यावर ते रुमालापुढे बसत आणि माझ्या पूर्वजांची विचारपूस सुरू करीत. "कृष्णाजीपंतांची रात्र कशी गेली, बघू." गळवाचे पत्र असेल तर वाचताना त्यांचा हात मानेवर जाई, खोकल्याचे असेल तर ते प्रत्येक परिच्छेदानंतर खोकत. माझी पत्नी साधना स्वयंपाकघरातून विचारी, "आज काय आहे?" आणि खंडेराव ओरडून सांगत, "आज मूळव्याध हे, वहिनी. पोह्यात मिरची नको."

या पत्रांविषयी थोडे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील माणसे एकमेकांना काय लिहीत असत, याविषयी आपल्या कल्पना फार उदात्त असतात. वस्तुतः दोन भाऊ तीस वर्षे एकमेकांना पोट, दात, म्हैस, सून आणि लोणचे यांविषयी लिहीत होते. मायन्यानंतर प्रत्येक पत्राचा आरंभ 'येथील क्षेम' या शब्दांनी होई, आणि त्यानंतर क्षेम नसल्याचा तपशील दोन पृष्ठे चाले. नायटा, हिवताप, अंगावर उठलेले पित्त, मुलाच्या कानात गेलेला हरभरा, म्हशीने दिलेली लाथ. आणि प्रत्येकावर उपाय. धारच्या घरी कृष्णाजीपंतांच्या विधवा काकू होत्या. त्या दरवर्षी कैरीचे लोणचे घालून नाशकास पाठवीत, आणि बरणी कोणत्या गाडीवानाबरोबर आली व वाटेत त्याने किती खाल्ले, यावर एक स्वतंत्र पत्र असे. मी शिस्तीने व्यक्तींची, रोगांची व औषधांची वर्णानुक्रमे सूची करीत होतो. रोगांची सूची व्यक्तींच्या सूचीपेक्षा मोठी झाली.

अर्ध्याहून अधिक रुमाल वाचून झाल्यावर, एके सकाळी खंडेरावांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एक सिद्धांत मांडला.

"नाझरसाहेब, एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली का? इतक्या लोकांना इतकं सगळं झालं. पटकी काय, ताप काय, क्षय म्हणावा असा खोकला काय. पन मेलं कोण? एकसुद्धा नाय."

मी सूची चाळली. त्यांचे म्हणणे खरे होते. वाचून झालेल्या पत्रांत मृत्यूची एकही नोंद नव्हती.

"तक्रार येते, औषध होतं, पुढच्या पत्रात तक्रार गायब. म्हंजे गुण आला. नायतर लिहिलं नसतं का? हा कृष्णाजी नखुरडं झालं तरी लिहितो. माणूस मेलं तर सोडंल?"

हा युक्तिवाद मला निर्दोष वाटला. विसूभाऊंना तर तो इतका आवडला, की त्यांनी प्रस्तावनेतील तलवार काढून टाकली आणि 'एक दीर्घायुषी घराणे' असे नवे नाव घालून ती छापखान्यात दिली. पराक्रम नाही तर नाही. न मरणे हाही एक पराक्रमच आहे, असे त्यांचे मत पडले. खंडेरावांनी याच्याही पुढे मजल मारली. त्यांनी ती औषधे स्वतःवर सुरू केली.

किरकोळ तक्रारींवर ती लागू पडत, कारण किरकोळ तक्रारींवर काहीही लागू पडते. परंतु त्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या पायाच्या करंगळीला नवी चप्पल लागली. खंडेरावांना मधुमेह होता. तो त्यांना मान्य नव्हता, म्हणून ते त्याला 'थोडीशी शुगर' म्हणत. जखम भरेना. डॉक्टरांनी पाय पाहून स्वच्छ सांगितले, की ताबडतोब दाखल व्हा, आज बोट जाईल. उशीर केलात तर पाय जाईल, आणि त्याहून उशीर केलात तर मला विचारायला तुम्ही येणार नाही. खंडेराव तेथून उठले ते थेट आमच्या व्हरांड्यात आले.

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारले.

"त्याला काय कळतं? सत्तावीस वर्षांचं पोरगं. आपल्याकडं तीस वर्षांचा अनुभव हे," असे म्हणून त्यांनी रुमालावर हात ठेवला.

आणि दुर्दैवाने त्याच आठवड्यात ते पत्र निघाले. शके १७८८, आषाढ. "तीर्थस्वरूप काकूंचे उजवे पायाचे करंगळीस क्षत पडोन चिघळले आहे. भाजल्या कांद्याचे पोटीस बांधितो. गुळवेलीचा काढा दोन वेळ देतो. वैद्य म्हणतात, उतार पडेल." वाचताना खंडेरावांचा आवाज कापत होता. ती भीती नव्हती, आनंद होता. उजवा पाय, करंगळी. त्यांनी उतावीळपणे पुढचे पत्र उघडले. ते श्रावणअखेरचे होते. त्यात गाय व्याली होती आणि कृष्णाजीपंतांच्या काखेत गळू झाले होते. पायाचा उल्लेख नव्हता.

"बरा झाला," खंडेराव म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या व्हरांड्यात भाजलेल्या कांद्याचा वास येऊ लागला. साधनेला आरंभी वाटले, शेजारी भरीत चालले आहे. खंडेराव पाय स्टुलावर ठेवून बसत, त्यावर फडक्यात बांधलेला कांदा असे, आणि हाताशी काढ्याची बाटली. मी त्यांना आडून सुचविले, मग उघड सुचविले, आणि अखेर, पाय दाखविल्याशिवाय रुमाल देणार नाही असे सांगितले. त्यावर ते म्हणाले, "राहू द्या तुमचा रुमाल. मला औषध पाठ हे." दुसऱ्या दिवशी मीच रुमाल पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.

काही आठवड्यांनी करंगळी काळी पडली. शेजारच्या बोटाचा रंगही मला संशयास्पद वाटू लागला. कांद्याच्या वासात दुसरा एक वास मिसळला, आणि पोहे देऊन साधना लगेच आत जाऊ लागली.

वत्सलाबाईंना मी तोपर्यंत फक्त नावाने ओळखत होतो. एका दुपारी त्या दुकान पोरीवर सोडून फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. उंच, सडसडीत, बोटांना दोऱ्याचे वळ, डोळ्यांत कुणाचीही भीड नाही.

"नाझरसाहेब तुम्हीच का?"

"हो. या, बसा."

"बसायला नाय आले. तुमच्या खापरपंज्याला सांगा, माझ्या नवऱ्याचा पाय मोकळा कर म्हनावं."

खंडेराव व्हरांड्यातून म्हणाले, "आली का? ह्या बाईला इतिहासाचं काय घेनं नाय."

"मला पायाचं घेनं हे. जित्या डाक्टरचं ऐकायचं नाय, आन मेलेल्या कारकुनाचं ऐकायचं."

"मेलेल्या कशावरून? मेला असं कुठं लिहिलंय?"

"आता शंभराच्या वर वर्षं झाली, तो काय धारला लोनचं चाटत बसलाय का?"

"अगं, त्या घरात कुनी मरतच नव्हतं. नाझरसाहेबांना विचार. सूची हे त्यांची."

वत्सलाबाईंनी माझ्याकडे पाहिले. सूची अचूक आहे, एवढे मला कबूल करावे लागले. त्या जाताना साधनेला एवढेच म्हणाल्या, "वहिनी, मी हार विकते. दहाव्याचेबी विकते. पन घरचा नाय करायचा मला." आणि मग थोड्या खालच्या आवाजात, "रात्री पाय माझ्याकडं येऊ देत नाय. मला वास येतो म्हनून."

त्या गेल्यावर खंडेराव बराच वेळ पत्र उघडून बसले होते, परंतु नख ओळीवरून पुढे सरकत नव्हते. मनातून ते घाबरले होते, हे मला दिसत होते. परंतु माणूस एकदा सिद्धांत मांडून बसला, की स्वतःचे बोट गेले तरी चालेल पण सिद्धांत राहिला पाहिजे, अशी त्याची अवस्था होते. विद्यापीठांतून हे नेहमी घडते. तेथे फक्त बोटे दुसऱ्यांची असतात.

त्यांनी उरलेली पत्रे वाचायला घेतली, आणि आता त्यांना इतर रोगांत गोडी उरली नव्हती. ते फक्त काकूंचा पाय शोधत होते. तो कोठेही येत नव्हता. प्रत्येक पत्रानंतर ते माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहत, आणि मग स्वतःच्या पायाकडे पाहण्याचे टाळत. एके ठिकाणी ते थोडे अडखळले. पुढच्या वर्षीच्या ज्येष्ठातील पत्रात लोणच्याचा मजकूर होता. "यंदाचे लोणचे खारट जाहले. मोहरी जाड राहिली. याची माफी असावी."

"आं," खंडेराव म्हणाले. "इतक्या वर्षांत कधी लोनचं बिघडलं नव्हतं."

"कैऱ्या वाईट असतील," मी म्हणालो.

"असतील," ते म्हणाले, आणि पान उलटले.

पुढच्या सोमवारी वत्सलाबाई पुन्हा आल्या. या वेळी त्या भांडायला आल्या नव्हत्या. पदराआड एक पोस्टकार्ड होते, आणि ते त्यांनी हात लांब करून, अंगापासून दूर धरून खंडेरावांपुढे केले.

"देवळ्याहून आलंय. दुपारच्या टपालाला. वर श्री नाय. तुम्ही सांजच्याला घरी येणार, तवर घरात कसं ठेवायचं, म्हनून घिऊन आले."

ज्या कार्डावर 'श्री' नसते, ते कार्ड कशाचे असते हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. आणि त्याचे पुढे काय करायचे, हेही नाही. खंडेरावांनी ते हातात घेतले, ओठ न हलवता वाचले.

"सहादू गेला," ते म्हणाले. "आतेभाऊ माझा. कांद्याची गाडी घिऊन यायचा. दहावं गुरुवारी."

खंडेरावांनी कार्ड उभे फाडले. दोन तुकडे एकावर एक ठेवून पुन्हा फाडले. ते मनाने देवळ्यात होते; हात आपले काम आपणच करीत होते, जसे ते आपल्या सर्वांचे करतात. तिसऱ्यांदा फाडण्यासाठी त्यांनी तुकडे जुळविले, आणि ते थांबले.

त्यांनी हातातल्या तुकड्यांकडे पाहिले. मग रुमालाकडे पाहिले. मग माझ्याकडे.

"नाझरसाहेब, असं कार्ड तुमच्याकडं आलं, तर तुम्ही काय करता?"

"वाचतो आणि फाडतो."

"तुमचे वडील?"

"तेही फाडीत. घरात ठेवत नाहीत."

"आन आबाजीपंत?"

माझ्यापुढे सूची उघडी होती, आणि तिच्यातील मांडणी अत्यंत सुबक होती.

"काकूंचं नाव आषाढानंतर कुठं आलंय, बघा."

मी पाहिले. 'क' खाली पाहिले. औषधांत पाहिले, सणावारांत पाहिले. "आलेले नाही."

"पायाचं नाय म्हणत मी. काकूंचं. नमस्कार, आशीर्वाद, कायपन."

"नाही."

"लोनच्यात?"

"लोणचे आहे," मी म्हणालो. "काकू नाहीत."

"म्हंजे मोहरी दुसऱ्या कुनीतरी कुटली." त्यांनी तुकडे मुठीत आवळले. सगळ्यांच्या मृत्यूची पत्रे धारहून आली असणार. रीतसर, वेळेवर, श्री न घालता. आबाजीपंतांनी ती वाचली, फाडली, आंघोळ केली. आणि शुभ मजकुराच्या पत्रात अशुभ लिहू नये, म्हणून कृष्णाजीपंतांनी पुढे नावही घेतले नाही. उरली ती गळवे, गाय आणि लोणचे. तीस वर्षे जे कोणी मेले नव्हते, ते सर्व त्या दुपारी आमच्या व्हरांड्यात एकदम मरण पावले.

खंडेरावांनी वाकून पायावरचा कांदा सोडला. तो त्यांनी फडक्यासह बाजूला ठेवला आणि म्हणाले, "रिक्षा बोलवा."

वत्सलाबाई भांडणाची तयारी दोन महिने करीत होत्या. ती फुकट गेल्यामुळे त्या क्षणभर गोंधळल्या. "आज कसं काय सुचलं?"

"काकू गेल्या."

"कोन काकू?"

"यांच्या. एकशेतीस वर्षं झाली."

वत्सलाबाईंनी विचार केला. "मग आधी आंघोळ करता, का आधी दवाखान्यात जाता?"

"दवाखान्यात," खंडेराव म्हणाले, आणि उठताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. रिक्षा मिळेपर्यंत तो त्यांनी काढला नाही. तिनेही पायाचा वास येत असल्याचे दाखविले नाही. उलट रिक्षात तिने तो पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, आणि ते नको नको म्हणत असता त्यावर पदर घातला.

दोन बोटे गेली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर थांबला असतात तर घोट्यापासून काढावा लागला असता. मी भेटायला गेलो, तेव्हा खंडेराव उशाला टेकून बसले होते आणि खोलीतल्या इतर रुग्णांना त्यांचे केसपेपर वाचून दाखवीत होते.

"नाझरसाहेब," ते म्हणाले, "दोन बोटं गेली. त्यांचं दहावं रामकुंडावर करावं म्हणतो. पिंडाला कावळा शिवला म्हंजे झालं."

वत्सलाबाई मोसंबे सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "शिवायचा नाय. करंगळीची इच्छा एकच राहिली होती, येळेवर डाक्टरकडं जायची. ती आता कशी पुरवनार?"

खोलीतील सगळे हसले. खंडेरावही हसले, आणि हसताना त्यांनी मोसंब्याची फोड तोंडात टाकली. वत्सलाबाईंनी पुढची फोड न देता, डॉक्टरांनी किती सांगितल्यात, एवढेच विचारले.

कुलवृत्तांत पुढच्या वर्षी निघाला. प्रस्तावना छापून झाली होती. ती पुन्हा छापण्यास विसूभाऊंनी नकार दिला. अखेर ग्रंथास एक शुद्धिपत्र जोडण्यात आले. त्यात, 'दीर्घायुषी' या शब्दाच्या जागी 'पत्रव्यवहार करणारे' असे वाचावे, अशी सूचना आहे. प्रकाशन समारंभात खंडेरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यांनी भाषण केले, आणि त्यात कृष्णाजीपंतांच्या कोठ्याचा इतिहास सविस्तर सांगितला. विसूभाऊंच्या सूनबाई मधेच उठून गेल्या. बाकीच्यांना मात्र आपला पूर्वज प्रथमच ओळखीचा वाटला.

त्यानंतर दहा वर्षे आमचा स्नेह राहिला. खंडेराव आठ बोटांवर लंगडत येत, मला मोडी शिकवीत, आणि माझ्या चुका पाहून 'बी. ए.' असा एकच शेरा मारीत. औषधे ते वेळेवर घेत, कारण वत्सलाबाई दुकानातून फोन करून विचारीत. मूळव्याधीचे पत्र मात्र त्यांना अखेरपर्यंत आवडत असे.

सन २००७ च्या थंडीत ते झोपेत गेले. फोन आला, मी व साधना दोघेही मखमलाबादला जाऊन आलो. चार दिवसांनी टपालाने एक पोस्टकार्ड आले. पत्ता बालबोधीत होता, मजकूर मोडीत, आणि हस्ताक्षर खंडेरावांचे. त्यांनी ते बहुधा केव्हाच लिहून वत्सलाबाईंजवळ ठेवले असावे. फक्त तिथी दुसऱ्या हाताने, कष्टाने भरली होती. वर श्री नव्हते. मी चष्मा लावून, नखाने ओळ धरून वाचले.

"राजश्री नाझरसाहेब यांसी कृतानेक नमस्कार विनंती विशेष. येथील क्षेम तागायत पौष वद्य सप्तमी पावेतो होते. पुढे नाही. पाय शेवटपर्यंत चांगला होता. हे कार्ड फाडू नये. फाडल्याने पुढच्या वाचणाऱ्याचा पाय जातो. वहिनींस सांगणे, पोह्यात मिरची घालण्यास आता हरकत नाही."

मी ते साधनेला वाचून दाखविले. तिने डोळे पुसले, आणि मग हात पुढे केला.

"फाडायचे नाही, असे लिहिले आहे," मी म्हणालो.

"घरात ठेवायचं नाही, असं माझ्या आईनं सांगितलं आहे."

दोन्ही म्हणणी मला सारखीच बंधनकारक वाटली. कोर्टात अशा वेळी तडजोड सुचवितात. फाटकाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये माझी जुनी बजाज स्कूटर उभी असते. ती मी चालवीत नाही, आणि ती घरात आहे असे साधनासुद्धा म्हणू शकत नाही. मुलगा दर दिवाळीला विचारतो की बाबा, ही भंगारात देऊ का. मी नाही म्हणतो. तिच्या डिकीत सध्या एक पाना, विम्याचा मुदत संपलेला कागद आणि खंडेराव माळोदे आहेत.